सकाळी साडेसहाला सर्व्हर का अडला? डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या साधनांचे परीक्षण

कोल्हापूर परिसरात डेटाबेस सर्व्हर अडतो तो बहुधा भल्या पहाटे किंवा मध्यरात्री, आणि त्याची तक्रार येते ती कार्यालय उघडल्यावर. दूध संकलन उजाडायच्या आत सुरू होते, हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांची वजने होत असतात आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर रात्री दोनला उत्पादनाची नोंद करतो. या ठिकाणी पूर्णवेळ डेटाबेस प्रशासक सहसा नसतो. प्रिंटर, सीसीटीव्ही आणि हजेरीचे यंत्र सांभाळणारा एकजण असतो आणि अडले की बाहेरून माझ्यासारख्याला फोन जातो. आम्ही दोघे सर्व्हरसमोर बसेपर्यंत सर्व्हर ठणठणीत झालेला असतो.

त्यामुळे कामगिरीवर देखरेख करणाऱ्या कोणत्याही साधनाला मी एकच प्रश्न विचारतो: काल सकाळी साडेसहाला आत काय चालले होते, हे आज अकरा वाजता सांगता येईल का? सुंदर आलेख, रंगीत तबकड्या, मोबाइलवर येणारे इशारे हे सगळे त्यानंतर. पुढील परीक्षण याच कसोटीवर केलेले आहे. त्यातील बहुतेक अनुभव लिनक्सवर चालणाऱ्या मायएसक्यूएल 8.0 या डेटाबेस प्रणालीचा, एका दूध संस्थेच्या संकलन प्रणालीवरचा आहे. शेवटचा भाग एका फाउंड्रीतील, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसविषयी आहे.

सर्वांत आधी जे साधन सर्वांच्या हाती लागते ते मायएसक्यूएलट्यूनर. पर्ल भाषेतील ही एक स्क्रिप्ट आहे. ती उतरवून चालवली की एक-दोन मिनिटांत सर्व्हरच्या मांडणीबद्दल (सेटिंगबद्दल) सूचनांची यादी हाती देते. ती स्वतः कोणतीही मांडणी बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. नव्याने हाती आलेल्या सर्व्हरची प्राथमिक तपासणी म्हणून तिची उपयुक्तता मी मान्य करतो. बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवण्याची जागा) अजूनही मूळच्या 128 एमबीवरच आहे आणि यंत्रात 32 जीबी मेमरी रिकामी बसून आहे, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो या स्क्रिप्टने पहिल्याच फेरीत उघड होतो. परंतु तिचा बराचसा हिशेब सर्व्हर सुरू झाल्यापासून साचलेल्या मोजणीवर चालतो. सर्व्हर सुरू होऊन 24 तास झाले नसतील तर सूचना चुकीच्या असू शकतात, असा इशारा ती स्वतःच देते. महिनाभराच्या सरासरीत सकाळच्या दीड तासाची कोंडी विरून जाते. टँकरमधल्या दुधाचा फॅट काढून कोणत्या सभासदाने पाणी घातले हे कळत नाही, तसेच हे आहे. माझ्या प्रश्नाला ही स्क्रिप्ट उत्तर देत नाही, आणि ते तिचे कामही नाही.

लिनक्सचे जुने सार (sar) हे साधन त्या मानाने अधिक प्रामाणिक आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे आकडे ते वेळेसह नोंदवून ठेवते आणि कालच्या कोणत्याही तासाचे पान उलटून दाखवते. मूळ मांडणीत ते दर दहा मिनिटांनी नोंद घेते; तो अवधी एक मिनिटावर आणल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग नाही. पॅकेज बसवलेले असणे आणि नोंद प्रत्यक्षात सुरू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तपासून घ्यावे. डिस्क अडली होती की प्रोसेसर, एवढे सारमुळे पक्के होते. कोणामुळे अडली, हे मात्र डेटाबेसलाच विचारावे लागते.

तिथे मायएसक्यूएलच्या पोटातच असलेला सिस स्कीमा उपयोगी पडतो. तो 5.7पासून सर्व्हरसोबतच येतो आणि परफॉर्मन्स स्कीमातील (सर्व्हर स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवतो त्या भागातील) किचकट तक्ते वाचण्याजोग्या रूपात मांडतो. त्यातील लॉकची (एकाच नोंदीत दोघांनी एकदम बदल करू नये म्हणून लागणाऱ्या कुलपाची) वाट पाहणाऱ्यांचा व्ह्यू, म्हणजे तयार तक्ता, हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोण अडला आहे, कोणी अडवले आहे आणि अडवणाऱ्याची जोडणी तोडायची असल्यास कोणती आज्ञा द्यावी, हे सगळे एका ओळीत मिळते. एका सकाळी त्यात असे दिसले, की दुधाच्या नोंदी करणाऱ्या अनेक जोडण्या रांगेत उभ्या आहेत आणि त्यांना अडवणाऱ्या जोडणीच्या क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) रकाना मात्र रिकामा आहे. प्रोसेसलिस्टमध्ये (चालू जोडण्यांच्या यादीत) ती जोडणी ‘स्लीप’ म्हणून झोपलेली होती. दुधाचा दर दुरुस्त करण्याचा फॉर्म उघडून कोणीतरी व्यवहार (जतन होईपर्यंत लॉक धरून ठेवणारे काम) सुरू केला होता, एक बदल केला होता आणि ‘जतन करा’ न दाबता तो चहाला गेला होता. मायएसक्यूएल अशा वेळी वाट पाहणाऱ्याला मूळ मांडणीत 50 सेकंद थांबवून ठेवते, मग चूक दाखवते. संकलन केंद्रावरचा माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि रांग वाढत जाते. दोष सर्व्हरचा नव्हे, फॉर्म लिहिणाऱ्याचा होता. पण सर्व्हर वाढवून घ्या, असा सल्ला तोपर्यंत देऊन झालेला होता. सिस स्कीमाची अडचण अशी, की हा व्ह्यू फक्त त्या क्षणाचे चित्र दाखवतो. आपण तेव्हा तिथे असलो तरच ते दिसते. क्वेरींचा गोषवारा देणारे तक्तेही मेमरीतच असतात आणि वीज जाऊन सर्व्हर बंद पडला की कोरे होतात.

म्हणूनच या व्ह्यूचे चित्र दर मिनिटाला फाइलमध्ये उतरवून ठेवणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट, हे आजही माझ्या मते या यादीतले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत विश्वासू साधन आहे. ती क्रॉनमधून (लिनक्सच्या वेळापत्रकातून) चालते, चालू जोडण्या, उघडे व्यवहार आणि लॉकची रांग या तीन गोष्टी विचारते, वेळेचा शिक्का मारते आणि त्या दिवसाच्या फाइलला जोडते. बाजारात अशा तयार स्क्रिप्ट पुष्कळ फिरतात, पण त्यांतील बऱ्याचशा एका गोष्टीत कच्च्या निघतात. सर्व्हर खरोखर अडला की स्क्रिप्टची क्वेरीही अडते, पुढच्या मिनिटाला क्रॉन दुसरी प्रत सुरू करते, मग तिसरी, आणि थोड्याच वेळात देखरेख करणाराच जोडण्यांच्या मर्यादेत भर घालू लागतो. ही मर्यादा मूळ मांडणीत फक्त 151 असते. स्क्रिप्टला टाइमआउट (ठराविक वेळेनंतर थांबवणे) आणि एफलॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणे) अशी दोन्ही वेसणे घातलेली नसतील तर ती कोणाच्याही सर्व्हरवर चढवू नये. शिवाय जुन्या स्क्रिप्ट ‘शो प्रोसेसलिस्ट’ वापरतात, जी उत्तर देताना आतले एक सामाईक कुलूप घेते, 8.0.22पासून परफॉर्मन्स स्कीमात त्याच माहितीचा कुलूप न घेणारा तक्ता उपलब्ध आहे, तो वापरावा. आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्येच उघडा लिहिण्याची आपल्याकडची पद्धत तर सोडलीच पाहिजे. देखरेखीसाठी मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता करण्यास पाच मिनिटे लागतात.

या स्क्रिप्टमुळे अडथळे सापडतात. न अडता केवळ वारंवार येऊन सर्व्हर खाणाऱ्या क्वेरी मात्र तिच्या जाळ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी स्लो क्वेरी लॉग (ठराविक मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद) आणि तो वाचणारे पीटी-क्वेरी-डायजेस्ट ही जोडी आहे. याच जोडीवर मी सर्वांत अधिक काळ काम केले आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पीटी-क्वेरी-डायजेस्ट हे पर्कोना टूलकिटमधील साधन. हे टूलकिट पूर्वीच्या माटकिटमधून 2011 मध्ये आकाराला आले. स्लो लॉगमधील प्रत्येक क्वेरीतून आकडे, तारखा, नावे वगळून ते तिचा सांगाडा काढते, एकाच सांगाड्याच्या सर्व क्वेरी एकत्र करते आणि एकूण किती वेळ खाल्ला यानुसार त्यांना क्रमांक देते. एकूण वेळेनुसार लावलेला हा क्रम हेच त्याचे खरे मर्म आहे. आपल्याकडे सगळ्यांचा संशय नेहमी एखाद्या मोठ्या अहवालावर असतो. दूध संस्थेत तो दहा दिवसांच्या बिलाच्या क्वेरीवर होता. डायजेस्टच्या यादीत ती क्वेरी तळाशी निघाली. पहिल्या क्रमांकावर होती ‘आजचे एकूण संकलन’ दाखवणारी एक साधी बेरीज, जी पदाधिकाऱ्यांच्या मोबाइलवरील अॅप दर मिनिटाला आपोआप विचारत असे. एका वेळेला तिला जेमतेम तीन सेकंद लागत, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. पण तिने पाठवलेली ओळ एक आणि त्यासाठी तपासलेल्या ओळी लाखोंनी, असे प्रमाण यादीत स्पष्ट दिसत होते. कारण सरळ होते. नोंदीच्या वेळेच्या रकान्यावर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) होता, परंतु क्वेरीत त्या रकान्याला तारीख काढणारे फंक्शन गुंडाळलेले होते, आणि असे फंक्शन आले की साधा इंडेक्स शोधासाठी वापरता येत नाही. आजच्या 00:00पासून उद्याच्या 00:00च्या आत, अशी दोन टोके देऊन तीच अट लिहिल्यावर क्वेरी क्षणात संपू लागली. मूळ प्रोग्रॅम बदलणे शक्य नसते तेथे 8.0.13पासून फंक्शनवरच इंडेक्स करण्याची सोयही आहे.

या जोडीच्या खाचखळग्यांची माहिती मात्र वापरणाऱ्याला असलीच पाहिजे. पहिली गोष्ट, स्लो लॉगची मूळ मर्यादा 10 सेकंदांची आहे, म्हणजे वरील तीन सेकंदांची क्वेरी त्यात कधी आलीच नसती. मी ती अर्ध्या सेकंदावर ठेवतो. चालू सर्व्हरवर ही मर्यादा बदलली तरी ती फक्त नव्या जोडण्यांना लागू होते. प्रोग्रॅमने जोडण्यांचा साठा उघडून ठेवलेला असेल तर त्या जुन्याच मर्यादेने चालत राहतात आणि लॉग रिकामा पाहून माणूस निर्धास्त होतो. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. मायएसक्यूएल 5.7पासून लॉगमधील वेळ मूळ मांडणीत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिली जाते, त्यामुळे आपल्या साडेसहाची कोंडी लॉगमध्ये एक वाजता दिसते. डायजेस्टला ‘या वेळेपासून त्या वेळेपर्यंत’ अशी मुदत देता येते, आणि माझ्या कसोटीला ते उत्तीर्ण होते ते याच सोयीमुळे. पण साडेपाच तासांचा हा फरक लक्षात न घेता मुदत दिली तर भलत्याच वेळेचा अहवाल मोठ्या विश्वासाने हाती पडतो. लॉगची वेळ स्थानिक करण्याचे एक साधे सेटिंग आहे, ते पहिल्याच दिवशी करून घ्यावे. तिसरी मर्यादा मूलभूत आहे: क्वेरी संपल्यावरच लॉगमध्ये लिहिली जाते. अडकून राहिलेली आणि सर्व्हरसोबतच मेलेली क्वेरी तिथे कधीच उमटत नाही. तिच्यासाठी वरची मिनिटा-मिनिटाची स्क्रिप्टच लागते. म्हणून ही दोन्ही साधने मी एकमेकांचे पर्याय मानत नाही.

मोठा लॉग वाचताना डायजेस्ट प्रोसेसर बऱ्यापैकी खाते, तेव्हा ते संकलनाच्या वेळी त्याच सर्व्हरवर चालवण्याचा उत्साह टाळावा. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊन वाचावी.

आता पर्कोना मॉनिटरिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजे पीएमएम. 2016 पासून असलेले हे मुक्त स्रोत साधन वर सांगितलेली जवळजवळ सर्व कामे एका छताखाली आणते. सर्व्हरचा भाग डॉकर कंटेनरमध्ये (लागणारे सगळे सोबत असलेल्या बंदिस्त पॅकेजमध्ये) बसतो. आत आलेखांसाठी ग्राफाना, आकड्यांसाठी व्हिक्टोरियामेट्रिक्स आणि क्वेरींच्या तपशिलासाठी क्लिकहाऊस अशी रचना आहे. डेटाबेसच्या यंत्रावर फक्त एक छोटा क्लायंट बसवावा लागतो. मूळ मांडणीत 30 दिवसांची माहिती साठते. क्वेरी अॅनालिटिक्सच्या पानावर कालचे सहा ते सात एवढाच तुकडा निवडला, की त्या तासातल्या क्वेरी एकूण भारानुसार समोर येतात, आणि त्याच तुकड्याचा डिस्कचा व मेमरीचा आलेख शेजारच्या पानावर मिळतो. माझ्या प्रश्नाचे इतके थेट उत्तर या यादीतील दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिलेले नाही. दुर्गम शीतकरण केंद्रावरच्या सर्व्हरची जोडणी मधेच तुटली तरी क्लायंट आकडे स्वतःजवळ धरून ठेवतो आणि जोडणी आल्यावर पाठवतो. पावसाळ्यात गगनबावड्याकडचे नेटवर्क ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

तरीही मी ते सरसकट सर्वांना सुचवत नाही. एकच डेटाबेस असलेल्या संस्थेने त्यावर नजर ठेवण्यासाठी दुसरे यंत्र उभे करावे, हे व्यवस्थापनाला पटवणे कठीण जाते. आणि मग पैसे वाचवण्यासाठी पीएमएमचा कंटेनर डेटाबेसच्याच यंत्रावर बसवला जातो, जेथे तो बफर पूलशी मेमरीसाठी भांडतो. असे करण्यापेक्षा न बसवलेले बरे. शिवाय कंटेनर अद्ययावत ठेवणे, त्याची जागा भरत नाही ना हे पाहणे, यासाठीही कोणीतरी लागते. एक सूचना आवर्जून करावीशी वाटते: क्वेरीचे नमुने साठवण्याची सोय मूळ मांडणीत चालू असते आणि त्या नमुन्यांत सभासदांची नावे, खाते क्रमांक जसेच्या तसे असू शकतात. क्लायंट जोडतानाच ही सोय बंद करता येते. बिलाच्या डेटाबेससाठी ती बंदच ठेवावी.

प्रोमिथियस (आकडे गोळा करून साठवणारे साधन), त्याला डेटाबेसचे आकडे देणारा मायएसक्यूएल एक्सपोर्टर आणि ग्राफाना ही त्रयी ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी ती डेटाबेसलाही जरूर जोडावी. ती शिकून मग वापरावी अशी परिस्थिती असेल तर मात्र दोनदा विचार करावा. आकडे उत्तम गोळा होतात, पण नेमकी कोणती क्वेरी होती हे मूळ मांडणीत कळत नाही, आणि साठवण 15 दिवसांचीच असते, म्हणजे मागच्या महिन्याच्या बिलाच्या दिवसाशी तुलना करता येत नाही. एका कार्यालयात मोठ्या टीव्हीवर ग्राफानाचे आलेख कायम चालू असतात; भेटीला येणारे संचालक त्यावर खूश असतात, आणि सर्व्हर अडतो तेव्हा टीव्हीसमोर कोणी नसते. झॅबिक्सचे बलस्थान इशारे देण्यात आहे. डिस्क भरत आली, रेप्लिका (डेटाबेसची दुसरी प्रत) मागे पडली, सर्व्हरने उत्तर देणे थांबवले, एवढ्यासाठी ते भरवशाचे आहे आणि स्विच, राउटर, यूपीएस यांवरही त्याच जागेवरून नजर ठेवता येते. क्वेरीच्या तळाशी जाण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

फाउंड्रीतील एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसचे जग थोडे निराळे आहे. ही मोफत आवृत्ती 2016 ते 2022 या आवृत्त्यांत प्रत्येक डेटाबेसला 10 जीबी आणि बफर पूलला 1410 एमबी अशी मर्यादा घालते, आणि तिच्यात वेळापत्रकाने कामे चालवणारा एजंट नसतो. त्यामुळे एजंटवर विसंबणारी तयार देखरेख पॅकेजेस येथे लंगडी पडतात. अॅडम मशॅनिक यांची एसपी-हू-इज-अॅक्टिव्ह ही चालू जोडण्या दाखवणारी प्रोसीजर (सर्व्हरमध्ये साठवलेला प्रोग्रॅम) मात्र या अडचणीतही चोख चालते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी या आज्ञा देण्याच्या साधनाद्वारे ती दर मिनिटाला चालवावी आणि निकाल एका तक्त्यात साठवावा. तक्ता देण्याची सोय प्रोसीजरमध्येच आहे. झोपलेल्या पण उघडा व्यवहार धरून बसलेल्या जोडण्या ती न सांगता दाखवते, म्हणजे मायएसक्यूएलसाठी जे मला स्वतः लिहावे लागले ते येथे आयते मिळते. हा तक्ता उत्पादनाच्या डेटाबेसमध्ये न ठेवता वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवावा, अन्यथा 10 जीबींमधील जागा देखरेखच खाऊ लागते.

हीच अडचण क्वेरी स्टोअरची आहे. 2016 पासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये असलेली ही सोय क्वेरींचा आणि त्यांच्या प्लॅनचा (सर्व्हर क्वेरी कोणत्या मार्गाने सोडवतो त्याचा) इतिहास डेटाबेसमध्येच लिहून ठेवते, त्यामुळे यंत्र बंद पडले तरी तो टिकतो. कालपर्यंत नीट चालणारी क्वेरी प्लॅन बदलल्यामुळे आज बिघडली, हे दाखवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. पण हा इतिहास वेगळीकडे हलवता येत नाही, तो त्याच डेटाबेसच्या आकारात मोजला जातो, आणि 2019पासून त्याची मूळ कमाल मर्यादा 1000 एमबी आहे. नऊ जीबींच्या घरात गेलेल्या एक्सप्रेस डेटाबेसवर ती चालू करण्यापूर्वी ही मर्यादा 200 एमबींच्या आसपास आणावी. मोजणीचा टप्पाही मूळ मांडणीत 60 मिनिटांचा असतो. तो 15 मिनिटांवर आणला तर तिसऱ्या पाळीतला अर्ध्या तासाचा अडथळा वेगळा दिसतो, मात्र तितकी जागाही जास्त लागते.

सध्या दूध संस्थेच्या सर्व्हरवर मिनिटाची स्क्रिप्ट, सार आणि अर्ध्या सेकंदाचा स्लो लॉग एवढेच चालू ठेवले आहे. संस्थेने जुना बदली सर्व्हर मोकळा करून दिला, की त्यावर पीएमएम बसवायचे ठरले आहे. फाउंड्रीत क्वेरी स्टोअर 200 एमबींवर चालू आहे. या सर्व साधनांना परवान्याचा खर्च नाही. खर्च आहे तो लॉग फिरवण्याकडे (ठराविक काळाने नवी फाइल सुरू करण्याकडे) आणि जुन्या फाइली कॉम्प्रेस करून ठेवण्याकडे लक्ष देण्याचा, कारण अर्ध्या सेकंदाचा स्लो लॉग हे काम करणाऱ्या लॉगरोटेटशिवाय सोडला तर बिलाच्या दिवसांत तोच डिस्क भरून सर्व्हर थांबवू शकतो.